वीरगंजहून जहाजापर्यंत: समुद्र नसलेल्या देशाचा कंटेनर कसा हाताळावा

नागपूर ते मुंबई हे रेल्वेचं अंतर सुमारे ८४० किलोमीटर. नेपाळमधल्या वीरगंजहून कोलकाता बंदर रेल्वेनं सुमारे ७०० किलोमीटर. नुसती पट्टी लावून मोजलं तर समुद्र वीरगंजकराला जवळचा. तरीही नागपूरचा निर्यातदार कंटेनर डेपोच्या फाटकातून आत गेला की दुसऱ्या कामाला लागतो, आणि वीरगंजचा निर्यातदार जहाज सुटेपर्यंत फोन खाली ठेवत नाही. त्याच्या वाटेत एक सरहद्द आहे, दोन देशांची सीमाशुल्क खाती आहेत, रेल्वे आहे, गाडी चालवणारी कंपनी आहे, कंटेनरची मालक असलेली शिपिंग लाइन आहे आणि शेवटी बंदर आहे. माल जितक्यांदा हात बदलतो तितक्यांदा थांबतो. म्हणून भूवेष्टित देशाचा माल हाताळताना किलोमीटर कमी मोजावेत आणि हातबदल जास्त.

नवी मुंबईतल्या किंवा पुण्यातल्या फॉरवर्डिंग कचेरीत बसून नेपाळच्या ग्राहकाचं काम बघणारे, काठमांडूत कारखाना किंवा भागीदारी असलेले आणि या धंद्यात नव्यानं शिरणारे तरुण यांच्यासाठी हा लेख आहे. न्हावा शेव्याचं काम येतं म्हणजे हेही येईल, अशी समजूत करून घेऊन पुष्कळ जण पहिल्याच कंटेनरला हात पोळून घेतात. उदाहरण नेपाळचं घेतलं आहे, कारण जमिनीनं वेढलेल्या देशांमध्ये आपल्याला सगळ्यात जवळचा आणि कामाच्या दृष्टीनं सगळ्यात लागणारा तोच.

वाट करारात आहे का, हे आधी पाहा

भूवेष्टित देशाला समुद्रापर्यंत जाण्याचा हक्क आंतरराष्ट्रीय कायद्यानं दिलेला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायद्याच्या कराराचा दहावा भाग याच विषयावर आहे. पण त्यातलं १२५ वं कलम हेही सांगतं की या वाटेच्या अटी संबंधित देशांनी आपसांत ठरवाव्यात. रोजच्या कामात उपयोग होतो तो या आपसांतल्या करारांचा.

भारत आणि नेपाळ यांच्यात पारगमन करार आहे, २०२३ मध्ये त्यावर नव्यानं सह्या झाल्या. रेल्वेसाठी २००४ चा वेगळा सेवा करार आहे. त्याच वर्षी वीरगंजजवळ सिर्सिया इथलं कोरडं बंदर चालू झालं. नेपाळीत त्याला ‘सुक्खा बन्दरगाह’ म्हणतात. रक्सौल स्थानकापासून तिथवर पाच-साडेपाच किलोमीटरचा फाटा आहे आणि त्याचे रूळ भारतातल्यासारखेच ब्रॉडगेजचे, म्हणजे १६७६ मिलिमीटर रुंदीचे. त्यामुळे बंदरातून निघालेली वाघीण थेट नेपाळच्या आवारात शिरते, सरहद्दीवर माल उतरवून चढवावा लागत नाही. पुष्कळ भूवेष्टित देशांना हे सुख नाही.

सुरुवातीची बरीच वर्षं या मार्गावर कंटेनर गाड्या चालवण्याचं काम एकट्या कॉनकॉर या भारतीय रेल्वेच्या कंटेनर कंपनीकडे होतं. जुलै २०२१ मध्ये दोन्ही सरकारांनी करारात बदल केला आणि खाजगी कंटेनर गाड्या चालवणाऱ्यांनाही दार उघडलं. तेव्हा एकाच कंपनीचा दर घेऊन गप्प बसू नका, किमान दोघांकडून घ्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये जोगबनी–विराटनगर हा रेल्वेमार्गही पारगमनाच्या चौकटीत आणण्याचं ठरलं. पूर्व नेपाळचा ग्राहक असेल तर त्या वाटेवर आज प्रत्यक्ष काय चालू झालं आहे, हे तिथल्या एजंटाकडून विचारून घ्या. करारावर सही होणं आणि प्रत्यक्ष रेक, म्हणजे मालगाडी, लागणं यांत बरंच अंतर असतं.

बंदर निवडताना तीन आकडे मागा

वीरगंजच्या मालाला कोलकाता–हल्दिया आणि विशाखापट्टणम असे पर्याय आहेत. कोलकाता जवळचं, पण ते हुगळी नदीवरचं बंदर आहे, समुद्रापासून सुमारे दोनशे किलोमीटर आत. नदीतला गाळ आणि भरती-ओहोटी यांमुळे तिथे मोठं जहाज येऊ शकत नाही. लहान फीडर जहाज कंटेनर घेऊन कोलंबो, सिंगापूर किंवा पोर्ट क्लांगला जातं आणि तिथे तो मोठ्या जहाजावर चढतो. म्हणजे आणखी एक हातबदल आला. विशाखापट्टणम रेल्वेनं जवळपास दुप्पट लांब पडतं, पण बंदर खोल आहे आणि मोठी जहाजं धक्क्याला लागतात.

ग्राहक बहुतेक वेळा रेल्वेभाडं तेवढं विचारतो आणि त्यात कोलकाता जिंकतं. तुम्ही प्रत्येक बंदरासाठी तीन आकडे एका ओळीत मांडा: कोरड्या बंदरापासून जहाजावर चढेपर्यंतचा सगळा खर्च, तिथून शेवटच्या बंदरापर्यंतचं जहाजभाडं आणि दारापासून दारापर्यंतचे दिवस. युरोपला जाणारे गालिचे आणि सिंगापूरकडे जाणारा माल यांचं उत्तर एकच येईल असं नाही.

रिकामा कंटेनर कुठून मिळणार?

नेपाळची आयात निर्यातीच्या कित्येक पट आहे. भरून आलेले बहुतेक कंटेनर रिकामेच परततात. निर्यातदारासाठी ही सोय आहे. ४५ वाघिणींच्या रेकमध्ये २० फुटी ९० कंटेनर मावतात, आणि एवढे भरलेले कंटेनर वीरगंजच्या निर्यातदारांकडून जमेपर्यंत वाट पाहायची झाली तर महिना जाईल. पण परतणाऱ्या रिकाम्यांच्या गाडीत तुमचे दोन-चार भरलेले डबे, म्हणजे कंटेनर, बसवता येतात. म्हणून गाडी चालवणाऱ्या कंपनीला विचारायचा पहिला प्रश्न असा, की परतीची गाडी कधी लागणार आणि ती कोणत्या बंदराला जाणार?

शिपिंग लाइनचा रिकामा कंटेनर वीरगंजला उभा दिसला म्हणून तो तुम्हाला भरायला मिळेलच असं नाही. लाइनचं लेखी बुकिंग आणि रिकामा डबा सोडण्याचा आदेश हातात आल्याशिवाय ट्रक बोलावू नका. नेपाळला जाणाऱ्या डब्यांसाठी लाइन अनेकदा अनामत मागते, ती कुणी भरायची हेही आधीच ठरवा.

डबा ताब्यात घेताना आत शिरा, दार बाहेरून लावून घ्या आणि अंधारात एक मिनिट उभे राहा. छताला किंवा बाजूला उजेडाचा ठिपका दिसला तर डबा परत करा. जमिनीची फळी हातानं चाचपा, ओल आणि वास पाहा. दाराची रबरी पट्टी फाटलेली नको. दारावर सुरक्षेची सीएससी पाटी आहे ना, ते पाहा. आत-बाहेरून फोटो काढून ठेवा. पुढे कुणी ‘डबा तुम्ही वाकवला’ म्हणालं, तर हेच फोटो कामाला येतात.

भरणं, बांधणं, तोलणं

काठमांडूहून वीरगंजला येणारा रस्ता डोंगरातून उतरतो. नारायणघाट–मुग्लिन पट्ट्यात पावसाळ्यात दरडी कोसळतात. ४० फुटी डबा ट्रेलरवर घालून असल्या रस्त्यानं नेणं जिकिरीचं. म्हणून माल ट्रकनं खाली आणून कोरड्या बंदराच्या आवारातच कंटेनर भरणं बहुतेकांना परवडतं. मात्र मग ट्रक आणि कंटेनर यांच्या वेळा जुळाव्या लागतात. नाहीतर माल ट्रकमध्ये अडकतो आणि ट्रकवाल्याचं मुक्कामाचं बिल चालू होतं.

रस्त्यावर माल डुलतो आणि ब्रेक लागला की पुढे सरकतो. रेल्वेत गाडीची जोडणी-तोडणी होताना पुढूनही धक्का बसतो आणि मागूनही. त्यामुळे आवळणी दोन्ही दिशांना हवी. दाराकडची शेवटची रांग मोकळी सोडू नका. आडव्या दांड्या किंवा हवेच्या पिशव्या लावून ती पक्की करा. कोलकात्यात दार उघडताच गठ्ठे अंगावर कोसळतात ते इथल्या आळसामुळे.

चहा, मसूर, लोकरी गालिचे, पश्मिना या नेपाळच्या निर्यातीच्या जिनसा ओल धरणाऱ्या आहेत. तराईतली थंड पहाट आणि बंगालची दमट दुपार यांत डब्याच्या छतावर आतून पाणी धरतं आणि ते मालावर ठिबकतं. ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगा आणि मालाच्या वर जाड कागद पसरा. लाकडी पॅलेट वापरली तर तिच्यावर आयएसपीएम-१५ चा शिक्का हवा. ५६ अंशांवर निदान ३० मिनिटं तापवलेलं किंवा धुरी दिलेलं लाकूड, असा त्याचा अर्थ. शिक्का नसलेल्या एका पॅलेटसाठी परदेशी बंदर सगळा कंटेनर अडवू शकतं.

वजनाचं काम शेवटावर ढकलू नका. १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं एकूण वजन जाहीर केल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. यालाच व्हीजीएम म्हणतात. भरलेला डबा वजनकाट्यावर घालणं ही एक पद्धत. माल, वेष्टण, पॅलेट यांचं वजन करून त्यात डब्याच्या दारावर लिहिलेलं रिकामं वजन मिळवणं ही दुसरी. २० फुटी डबा रिकामाच दोन टनांहून जड असतो, तो बेरजेत विसरला तर बंदरात आकडा जुळत नाही. वजन जहाजासाठी, रेल्वेसाठी आणि रस्त्यासाठी असं तिन्ही मर्यादांत बसायला हवं. यांतली सगळ्यात कमी मर्यादा कोणती, ते पाहून माल भरा.

कागदांत एकच गोष्ट बघा: जुळणी

बिल, पॅकिंग लिस्ट, मूळ देशाचा दाखला, नेपाळच्या भन्सार (सीमाशुल्क) कार्यालयातलं निर्यात घोषणापत्र, भारतातून जाण्यासाठीचं पारगमन घोषणापत्र, शेतमाल असेल तर वनस्पती-आरोग्याचा दाखला, व्हीजीएम आणि बिल ऑफ लेडिंग. मालानुसार यादी थोडी लांबते किंवा आखूड होते. कागद नसल्यामुळे कंटेनर अडतो त्याहून अधिक वेळा तो अडतो कागद एकमेकांशी न जुळल्यामुळे.

प्रत्येक कागदावर या चार गोष्टी तंतोतंत सारख्या हव्यात:

१. कंटेनरचा क्रमांक. त्यात चार अक्षरं आणि सात आकडे असतात. शेवटचा आकडा आधीच्या सगळ्यांवरून गणितानं काढलेला पडताळणीचा असतो. एक आकडा चुकला की संगणक तो डबा ओळखतच नाही.
२. सीलचा क्रमांक. सील उच्च सुरक्षेचं, आयएसओ १७७१२ दर्जाचं हवं. लावल्यावर दारासकट फोटो घ्या.
३. नगांची संख्या आणि एकूण वजन.
४. मालाचं वर्णन. एकीकडे ‘गालिचे’ आणि दुसरीकडे ‘लोकरी वस्तू’ असं लिहिलं तर दोन देशांतल्या दोन अधिकाऱ्यांना प्रश्न विचारायला निमित्त मिळतं.

तारखांचंही भान ठेवा. नेपाळचा सरकारी कारभार विक्रम संवतावर चालतो. परदेशी बँकेला जाणाऱ्या कागदावर इसवी सनाची तारीख स्पष्ट लिहिलेली हवी. सुट्ट्याही जुळत नाहीत. नेपाळात आठवड्याची रूढ सुट्टी शनिवारी, आपल्याकडे रविवारी. शुक्रवारी दुपारी निघालेली शंका सोमवारी सकाळी सुटली, तर नशीब म्हणायचं.

कोलकाता किंवा विशाखापट्टणमहून नेपाळला येणाऱ्या आयात मालासाठी भारतानं २०१९ मध्ये इलेक्ट्रॉनिक माग ठेवणाऱ्या सीलची नियमावली आणली. त्यामुळे वाटेतली तपासणी आणि कागदपत्रं घटली. निर्यातीलाही तीच सोय मिळेल, असं मात्र गृहीत धरू नका. आपल्या मालाला कोणती पद्धत लागू आहे हे क्लिअरिंग एजंटाकडून लेखी घ्या.

एकाच वेळी चालणारी तीन घड्याळं

नवख्या माणसाचा सगळ्यात जास्त पैसा जातो तो इथे. ‘डिमरेज’ हा एकच शब्द रेल्वे आणि शिपिंग लाइन वेगवेगळ्या अर्थांनी वापरतात.

रेल्वेच्या भाषेत डिमरेज म्हणजे ठरलेल्या वेळेपलीकडे वाघीण अडवून ठेवल्याचा दंड, आणि माल रेल्वेच्या आवारात पडून राहिला तर लागतो तो वार्फेज. शिपिंग लाइनच्या भाषेत डिमरेज म्हणजे तिचा डबा बंदरात मोफत मुदतीपलीकडे राहिल्याचं भाडं, आणि डबा बंदराबाहेर तुमच्याकडे राहिला तर ते डिटेन्शन. बंदर आणि कोरडं बंदर यांचं जागाभाडं, म्हणजे ग्राउंड रेंट, याहून निराळं. एकाच डब्यावर एकाच दिवशी यांतले दोन आकार लागू शकतात.

म्हणून बुकिंग करतानाच तीन गोष्टी लिहून घ्या: मोफत दिवस किती, ते कुठल्या घटनेपासून मोजायचे आणि कुठल्या घटनेला थांबवायचे. रिकामा डबा वीरगंजला उचलल्यापासून घड्याळ चालू होणार असेल, तर गाडीची वाट पाहण्यात गेलेले दिवसही तुमच्याच खात्यावर पडतात. बंदरातल्या निर्यातदाराला पुरणारी मुदत तुम्हाला पुरत नाही हे लाइनला सांगा आणि वाढवून मागा. बुकिंगच्या आधी मागितलेली मुदत पुष्कळदा मिळते. बिल आल्यावर मागितली तर विनवणी करावी लागते.

हिशेब करून पाहू. समजा, गाडी चार दिवसांत बंदराला पोचते. पण डबा भरून सील व्हायला दोन दिवस, गाडी लागण्याची वाट पाहण्यात पाच, बंदरात जहाजासाठी चार. एकूण पंधरा दिवस. त्यात चाकं फिरली चार दिवस, अकरा दिवस डबा उभा होता. गाडीचा वेग दुप्पट झाला तरी तुमचे दोनच दिवस वाचतील. वाट पाहणं निम्म्यावर आलं तर पाच-सहा वाचतील. तेव्हा भाव करताना रेल्वेभाड्यातल्या चार पैशांपेक्षा ‘गाडी दर आठवड्याला नक्की सुटते का’ या प्रश्नाला अधिक वेळ द्या.

जहाजापासून उलटं मोजा

वेळापत्रक कारखान्यापासून आखायचं नाही, जहाजापासून मागे यायचं. मोठं जहाज कोलंबोहून कधी सुटतं, त्याला गाठणारं फीडर कोलकात्याहून कधी निघतं, त्या फीडरसाठी बंदराचं फाटक कधी बंद होतं, त्याआधी गाडी कधी पोचली पाहिजे, ती वीरगंजहून कधी सुटली पाहिजे, सील कधी, भरणी कधी, ट्रक काठमांडूहून कधी. प्रत्येक पायरीवर एक-दोन दिवसांची सूट ठेवा.

ऋतूही मोजा. डिसेंबर-जानेवारीत उत्तर बिहारात धुकं पडतं आणि गाड्या रेंगाळतात. पावसाळ्यात तिथल्याच नद्यांना पूर येतो. दशैं आणि तिहार, म्हणजे आपले दसरा-दिवाळी, यांच्या आधी नेपाळची आयात फुगते आणि आवारात गर्दी होते. सणात आणि पाठोपाठ येणाऱ्या छठपूजेत हमाल मिळत नाहीत. एरवी दहा दिवसांचं काम या काळात पंधरा धरा.

विक्रीची अट आणि विमा

जुन्या सवयीनं सगळे ‘एफओबी कोलकाता’ लिहितात. त्याचा अर्थ, माल जहाजावर चढेपर्यंतची सगळी जोखीम विकणाऱ्याची. वीरगंजच्या माणसानं सातशे किलोमीटर दूरच्या, दुसऱ्या देशातल्या बंदराची जोखीम का घ्यावी? कंटेनरच्या मालासाठी एफसीए ही अट बरी. ‘एफसीए वीरगंज कोरडं बंदर’ लिहिलं की वाहतूकदाराच्या हवाली माल केला तिथेच जोखीम संपते.

यात एक अडचण येते. ग्राहकाच्या बँकेचं लेटर ऑफ क्रेडिट बहुधा ‘माल जहाजावर चढला’ असा शेरा असलेलं बिल ऑफ लेडिंग मागतं. इन्कोटर्म्स २०२० मध्ये त्यावर तोडगा आहे. एफसीए ठेवूनही, खरेदीदारानं वाहतूकदाराला सांगून असं बिल विकणाऱ्याला द्यायला लावावं, असं दोघांना ठरवता येतं. मात्र ते विक्रीकरारात स्पष्ट लिहायला हवं. बिलावर ‘माल स्वीकारण्याचं ठिकाण’ या रकान्यात वीरगंज आणि ‘चढवण्याचं बंदर’ या रकान्यात कोलकाता आलं पाहिजे. पहिला रकाना रिकामा राहिला, तर रेल्वेच्या टप्प्यात झालेल्या नुकसानीला जबाबदार कोण, यावर वाद होतो.

विमा गोदामापासून गोदामापर्यंतचा घ्या आणि त्यात रेल्वे आणि वाटेतले मुक्काम धरले आहेत ना ते वाचून बघा. केवळ उशिरामुळे झालेलं नुकसान नेहमीच्या सागरी विम्यात भरून मिळत नाही. उशिराचा विमा म्हणजे तुमचं वेळापत्रक.

दुसरी वाट माहीत असू द्या

१९८९ मध्ये भारत-नेपाळ करारांची मुदत संपली आणि बहुतेक नाकी बंद झाली. २०१५ च्या सप्टेंबरपासून पुढचे काही महिने सरहद्दीवरची वाहतूक पुन्हा खोळंबली, आणि रक्सौल–वीरगंजला त्याचा फटका सगळ्यात मोठा बसला. त्यानंतर नेपाळनं चीनशी पारगमन करार केला. २०१९ च्या नियमावलीनुसार त्यात तियानजिन, शेनझेन, लियानयुनगांग आणि झानजियांग ही बंदरं आहेत. कागदावर वाट रुंदावली, पण हिमालय ओलांडून हजारो किलोमीटर जाणं रोजच्या मालाला परवडत नाही. तुमच्या आवाक्यातली दुसरी वाट साधी आहे: दुसरं नाकं, दुसरं बंदर किंवा त्याच बंदराला ट्रक. तिचा दर आणि माणसाचा नंबर वर्षातून दोनदा ताजा करून ठेवा.

दुसऱ्या देशात काम निघालं तर

नोकरीनिमित्त आफ्रिकेत किंवा मध्य आशियात जाणाऱ्यांना हीच रीत उपयोगी पडेल, प्रश्न मात्र थोडे बदलतील. १९९३ मध्ये इरिट्रिया वेगळा झाला आणि इथिओपियाचा किनारा गेला. आज अदिस अबाबा ते जिबूती ही सुमारे ७५० किलोमीटरची विजेवरची रेल्वे त्याचा माल समुद्राला नेते. रूळ दोन्हीकडे सारखेच, पण देशाचा बहुतेक माल एकाच बंदराच्या भरवशावर. तिथे विचारायचं ते बंदरातल्या गर्दीचं.

कझाकस्तानात रूळ १५२० मिलिमीटरचे आणि चीनमध्ये १४३५ चे. खोर्गोस किंवा दोस्तिकच्या सरहद्दीवर प्रत्येक डबा क्रेननं एका गाडीवरून दुसरीवर ठेवावा लागतो. तिथे पलीकडे रिकाम्या वाघिणी उभ्या आहेत का, हा पहिला प्रश्न. बोलिव्हियाला १९०४ च्या तहानं चिलीमधून वाट मिळाली आणि आरिका–ला पाझ रेल्वे १९१३ मध्ये धावू लागली. तिथे अँडीजचा चढ आणि जुनी लाइन, म्हणून गाडी आज चालू आहे का हे आधी विचारायचं.

देश कुठलाही असो, कंटेनर निघण्याआधी एका कागदावर उभ्या रेषा मारून चार रकाने करा. पहिल्यात हातबदलाचं ठिकाण, दुसऱ्यात तिथल्या जबाबदार माणसाचं नाव आणि फोन, तिसऱ्यात त्याला लागणारा कागद, चौथ्यात तिथलं घड्याळ कधी सुरू होतं आणि कधी थांबतं. वीरगंज–कोलकाता मार्गाला अशा आठ-नऊ ओळी होतात. ज्या ओळीतला एखादा रकाना रिकामा राहिला असेल, कंटेनर तिथेच अडकणार. तो रकाना भरल्याशिवाय काठमांडूहून ट्रक हलवू नका.